जग बुडायच्या आदल्या दिवशीचा फोटो

"तुला विनोदच कळत नाही," असं माझ्या धाकट्या भावाने पुण्याहून फोनवर सुनावलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. कळतो की! त्या वर्षी जगबुडीची चित्रं मीही बदनापूरच्या नेट कॅफेत बसून पाहिली आणि पोट धरून हसले. परदेशात शास्त्रज्ञ जमिनीखाली मोठं यंत्र सुरू करणार, त्यातून काळं विवर उघडणार आणि बुधवारी पृथ्वी गडप होणार, असं टीव्हीवाले दिवसभर ओरडत होते. लगेच ईमेलवर चित्रं फिरू लागली. विवराच्या तोंडाशी म्हैस, खाली ओळ: "आधी धार काढून घ्या." मी शाळेत विज्ञान शिकवायचे, मला कसली भीती?

पिंपळगाव रेणुकाईत माझी आई मात्र खरंच भ्याली होती.

महालक्ष्म्या उठून दोनच दिवस झाले होते आणि मी सणाची गावीच थांबले होते. मंगळवारी दुपारी आईने फुलोऱ्यातल्या करंज्या डब्यात भरल्या, नवं लुगडं नेसली आणि म्हणाली, "बाईकडं जाऊन येते."

बाई म्हणजे तिची थोरली जाऊ, माझी मोठी आई. घरं वेगळी झाली तेव्हा महालक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे थोरल्या घरी राहिले. तेव्हापासून वीसेक वर्षं भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या या दोघी लग्नात किंवा मयतीतसुद्धा एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

मी यंत्राचं समजावून सांगायला लागले. "तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव," आई म्हणाली. "उद्या बुडून राह्यलं म्हणे सगळं. मंग हे डोक्यावर घेऊन कशाला मरू?"

मीही तिच्या मागोमाग गेले. मोठ्या आईने दार उघडलं, डब्याकडे पाहिलं, एक करंजी मोडली आणि अर्धी आईच्या तोंडात कोंबली. मग दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, गाल करंजीने फुगलेले. माझ्याकडे कॅमेऱ्याचा नवा मोबाइल होता. मी फोटो काढला आणि भावालाही आनंद व्हावा म्हणून त्याला पाठवला.

त्याने काय करावं? मागची भिंत काढून तिथे जळणारी पृथ्वी चिकटवली आणि खाली लिहिलं: "जावा-जावा बोलायला लागल्या. आता जग खरंच संपणार!" ऑफिसातल्या मित्रांना धाडलं. काही दिवसांत ते चित्र माझ्याच एका सहशिक्षकाकडून मला आलं, "हसून हसून मेलो" म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना त्या बुधवारची रत्तीभर भीती नव्हती, ते माझ्या आईच्या रडण्यावर दात काढत होते!

इकडे बुधवार कधीच उलटून गेला होता. महिनाभर दोघी एका ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. मग मोठी आई संकष्टीला राजूरच्या गणपतीला गेली. तिथल्या एका दुकानदाराने ते चित्र छापून काचेवर लावलं होतं. दोन पोरांनी तिला ओळखलं आणि ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

मी तेव्हा सुट्टीत गावी आले होते. राजूरहून परतताच ती आमच्या दारात आली. "मला वाटलं खरंच आल्तीस. तमाशा करायला आल्तीस व्हय?" असं म्हणून तिने करंज्यांचा डबा उंबऱ्यावर ठेवला. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. हा रिकामा होता.

मी तिच्या दारात जाऊन चूक माझी आहे म्हणून ओरडले. दार उघडलं नाही. भावाला फोन केला तर तो विनोदाचं बोलला. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच होता.

चार दिवसांनी मी बदनापूरला निघाले तेव्हा आई तो डबा पुसत म्हणाली, "तुझ्या त्या कम्प्युटरात बघ बरं, आता पुन्हा कधी बुडणार हाय?"

"आई, असं काही बुडत नसतं गं!"

"न्हाई बुडलं तर न्हाई. तारीख सांग. त्याबिगर कोणत्या तोंडानं जाऊ तिच्याकडं?"

पुढची तारीख लोकांनी तेव्हाच काढून ठेवली होती. चार वर्षांनंतरची आहे, असं मी सांगितलं.

"चार वर्षं?" आई भिंतीकडे बघत म्हणाली. "दमा हाय तिला. तवर राह्यती का ती?"