रोह्याच्या वसतिगृहाचं छप्पर

नव्वदच्या दशकात मी पेणमधल्या एका लहान संस्थेत काम करत होते. संस्था म्हणजे आम्ही चौघं, एक जुनी स्कूटर आणि गणपतीच्या कारखान्याच्या माडीवरची एक खोली. आमचं काम रोहा तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांवर. दिवाळी झाली की वाड्यांतली माणसं वीटभट्ट्यांवर जायची, ती पाऊस तोंडावर आला की परतायची. मुलं अर्थात त्यांच्याबरोबर. मुलींना मागे ठेवायचं तर कुणाकडे, हा प्रश्न दर वर्षी निघायचा आणि दर वर्षी तसाच राहायचा. शेवटी आम्ही ठरवलं, रोह्याजवळच्या शाळेला लागून मुलींसाठी वसतिगृह बांधायचं. जागा मिळाली. बांधणार कशाने, ते माहीत नव्हतं.

मुंबईत एका दूरच्या देशाची वकिलात होती. मोठी कर्जं, धरणं, रस्ते वगैरे त्यांच्या राजधानीत ठरायचं. पण गावातली विहीर, दवाखान्याची खोली असल्या लहान कामांना वकिलात स्वतः बघून मदत द्यायची. आम्ही अर्ज केला आणि विसरून गेलो. पावसाळा सरता सरता तिथला एक तरुण अधिकारी खरोखरच आला. महामार्गावरच्या खांब गावाच्या पुढे रस्ता सोडल्यावर त्याची गाडी चिखलात रुतली. बूट हातात घेऊन तो वाडीवर चालत आला. हिंदी तो पुस्तकातून शिकला होता, त्यामुळे प्रत्येक वाक्यात ‘कृपया’ असायचं.

दोन मुली आणि कडेवर एक बारका मुलगा असलेल्या एका आईने त्याला अंगणात बसवून कोरा चहा दिला.

“याच्या घरी कोन कोन हाय, इचारा ना ताई,” ती मला म्हणाली.

आई आहे, एवढंच तो म्हणाला. मग त्याने तिच्या दोन्ही मुलींचा फोटो काढला, आणि परवानगी नंतर मागितली म्हणून आपणच ओशाळला.

मदत मंजूर झाली. पहिल्या हप्त्यात पाया आणि भिंती झाल्या. मे महिन्यात भिंती खिडक्यांच्या वर आल्या, आता फक्त छप्पर राहिलं होतं. जूनमध्ये शाळा सुरू होणार होती.

त्याच मे महिन्यात राजस्थानच्या वाळवंटात अणुचाचण्या झाल्या. पेणच्या चौकात पेढे वाटले. मीही एक खाल्ला. दोन-तीन दिवसांनी बातम्यांत ऐकलं की काही देशांनी भारताची मदत थांबवली आहे, आणि त्या देशांत आमचा देशही होता. ‘आमचा देश’ असं मी त्याला मनात म्हणत असे, हे तेव्हा लक्षात आलं.

वकिलातीत फोन केला. सूचना येईपर्यंत थांबा, असं उत्तर मिळालं. गवंडी म्हणाला, “बाई, पाऊस लागला का मंग मी पत्रं नाय चढवनार. माझी मानसं घसरतील.” त्याचंही खरं होतं.

मी मुंबईला जाऊन भेटायचं ठरवलं. हे वाडीवर कळलं तशी भट्टीवरून नुकतीच परतलेली ती मुलींची आई म्हणाली, “मी पन येतंय. मला बघायचाय त्याला.”

पेणहून आम्ही एस.टी.ने गेलो. वकिलातीच्या दारावर झडती झाली. आत गारठा होता, तिने पदर कानांवरून लपेटून घेतला. अधिकारी आला तो वेगळाच वाटला. हिंदी सोडून इंग्रजीत, जपून बोलत होता.

“आमच्या सरकारने नवी मदत थांबवली आहे. तुमचं काम नवं धरायचं की चालू, हे मी एकटा ठरवू शकत नाही.”

“मग कोण ठरवणार?”

“राजधानी. पण त्यांनी तुमच्या भिंती पाहिलेल्या नाहीत. मी पाहिल्यात. म्हणून कळवायचं काम माझं आहे. मी एकदा कळवलंय, पुन्हा कळवतो.”

तिने मला कोपराने ढोसलं. “काय म्हनतो?”

मी सांगितलं. ती खुर्चीत पुढे सरकली. मग म्हणाली, “त्याला इचारा, आमच्यावर राग हाय काय त्यांचा?”

हे भाषांतर करायला मला जड गेलं. तरी केलं. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं आणि सरळ तिच्याकडे बघून हिंदीत म्हणाला, “आप पर नहीं।” मग माझ्याकडे वळला. “आमच्या देशाने अणुबॉम्ब सोसलाय, म्हणून माणसं दुखावली आहेत, हे खरं. माझी आई परवा फोनवर रडली. पण तिला मी यांच्या मुलींचा फोटो पाठवला होता. छप्पर झालं का, असंही तिनेच विचारलं.”

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

“वसतिगृह या वर्षी झालं नाही, तर मुलींचं काय होईल?” त्याने विचारलं.

“काय व्हनार. येतील माझ्यासंगं भट्टीवर. थोरली विटा थापील, धाकटी बारक्याला सांभाळील.”

ती बोलत होती, मी सांगत होते आणि तो लिहून घेत होता. निघताना तो जिन्यापर्यंत आला. कसलं आश्वासन मात्र त्याने दिलं नाही.

नंतरचे दिवस वाईट गेले. ढग भरून आले की मी दारात जाऊन आभाळ बघत उभी राहायचे. एका सकाळी मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात पत्र्यांच्या दुकानात गेले होते. पत्रे आणखी थोडे दिवस बाजूला ठेवा, हे सांगायला. तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. पेणहून माझा सहकारी बोलत होता.

“वकिलातीतून फोन होता. थेट लोकांसाठी असलेली लहान कामं थांबवायची नाहीत, असं वरून आलंय. छप्पर घाला म्हणाले.”

मी तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसले. डोळ्यांना धार लागली. दुकानदार पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि हळूच म्हणाला, “घरातलं कोन गेलं का, बाई?”

“नाही हो,” मी म्हटलं, “सगळे आहेत. पत्रे गाडीत भरा.” आणि मला हसूच आवरेना.

शाळा सुरू झाली तेव्हा भिंतींना गिलावा नव्हता, पण छप्पर होतं. समारंभ करू नका, अशी वकिलातीची सूचना होती, ती आम्ही आनंदाने पाळली. अधिकारी श्रावणात एका रविवारी आला, मुलींबरोबर पंगतीत बसून भात-आमटी जेवला आणि पाठीमागच्या भिंतीला ओल आली आहे, एवढं दाखवून गेला.

दिवाळीनंतर भट्टीवाल्याचा ट्रक आला. वाटेत वसतिगृहापाशी तो थांबवून ती आई खाली उतरली. मुलींच्या केसांवरून हात फिरवला, काहीबाही बजावलं. एवढ्यात आत जेवणाची घंटा झाली आणि दोघी आत पळाल्या.

ती दाराकडे बघत राहिली.

“रडल्या नाय गो,” ती मला म्हणाली. तिला थोडं लागलं होतं, आणि हायसंही वाटलं होतं. मग बारक्याला काखेत घेऊन ती ट्रकमध्ये चढली.