फोटोतलं काळं आकाश

लेक माहेरी आली म्हणून काल तिच्या लग्नाचा अल्बम काढला. स्वागत समारंभ मोकळ्या मैदानावर होता. फोटोत व्यासपीठ झगझगीत आणि वरचं आकाश कोळशासारखं. माझे मेहुणे मोबाइलवरचं ज्ञान घेऊन बसलेच होते.

"बघा दाजी, चंद्रावरच्या फोटोंतही असंच. पृथ्वीच्या हवेबाहेर तारे दिसतच नाहीत. तिथे तारे असतात म्हणून सांगतात ते सगळं थोतांड!"

माझं डोकं फिरलं. "अहो, समोर एवढा उजेड असला की कॅमेरा मंद उजेड टिपत नाही. याच काळोखात जनरेटरपाशी मी उभा होतो. मग मी लग्नात नव्हतो का?"

"फोटोत तर नाही!" ते म्हणाले. सगळे हसले.

घासाघीस करून मी ज्या दिव्यांची सोय केली, त्याच दिव्यांनी मला पुसून टाकलं होतं. तारे बरे. कुणी त्यांना नाही म्हटलं तरी ते जळत राहतात, चिडत नाहीत. मला ते जन्मात जमलं नाही.

"तुला तरी दिसलो होतो का गं?" मी लेकीला विचारलं.

"दिव्यांपुढे मला काहीच दिसत नव्हतं, बाबा. पण जनरेटरवाल्याला दम देताना ऐकू येत होतात. म्हटलं, आता काही दिवे जात नाहीत."