पायाळू पाहुणा

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना दोघांचा चहा नाकातून आलेला मी स्वतः पाहिला आहे. आणि 'मग तू गप्प का नाही बसलास?' हे शेवटी विचारू नका. तो प्रश्न मामा मला आजही विचारतो.

मी मलकापूरला हाडांच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. म्हणजे फोटोग्राफरच की हो, फक्त आमच्याकडे गिऱ्हाईक हसत नाही. पण आठ वर्षं रोज मणके आणि टाचा पाहून मला वाटायला लागलं होतं, की डॉक्टरात आणि माझ्यात फरक उरलाय तो दारावरच्या पाटीचा. कुणी नुसतं 'कंबर दुखते' म्हणालं की मी सुरू! मानेचे मणके सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच, त्याखाली त्रिकास्थी आणि माकडहाड. दोन मणक्यांत एक गादी. गादी सरकली की नस दबते, नस दबली की कळ थेट पायात. समोरचा बिचारा कंबर विसरून जांभया द्यायला लागायचा.

असा हा मी मामाला घेऊन वडनेर भोलजीला मुलगी पाहायला गेलो. याआधी तीन ठिकाणी नकार मिळाला होता, त्यामुळे मामानं गाडीवरच बजावलं, "आज हाडं काढू नको बे. पोहे खाय अन् गप बस."

मुलीचं नाव वैष्णवी. नर्सिंग झालेली. पोह्यांची बशी हातात देता देता तिनंच विचारलं, "पावलात हाडं किती असतात?"

मी म्हणालो, सव्वीस.

"अन् मोठ्या माणसाच्या पाठीच्या कण्यात?"

तेहतीस म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आठवलं की ती लहान मुलाची संख्या. पुढे खालचे नऊ जुळून दोनच उरतात. "तेही सव्वीसच," मी म्हणालो. ती हसली. खोटं कशाला बोलू, मला ती पाहताक्षणी आवडली. हीच बायको व्हावी असं वाटलं, आणि नेमकी तेव्हाच माझी अक्कल चरायला गेली.

कारण समोर खाटेवर तिचे वडील तुळशीरामभाऊ पालथे पडले होते. सकाळी ढेपेचं पोतं उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली होती. पाहुणे आले तरी उठता येईना, म्हणून सगळा कार्यक्रम त्यांच्या पाठीच्या साक्षीनं चालला होता. शेती किती, नोकरी पक्की आहे का, बहिणीचं लग्न झालं का, सगळे प्रश्न उशीतून येत होते आणि मी उत्तरं पाठीला देत होतो.

शेवटी राहवेना. मी त्यांना चौथा मणका, पाचवा मणका, मधली गादी, सगळं समजावून सांगितलं. मामानं टेबलाखालून दोनदा पाय मारला. मी तिकडे लक्षच दिलं नाही.

भाऊ उशीतून म्हणाले, "ते सारं बराबर हाय. पण मले सिधं उभं कधी राहता येईन?"

 उत्तर आत्याबाईंकडे होतं. आत्याबाई म्हणजे भाऊंची थोरली बहीण, त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्या म्हणाल्या, "याले पायाळू माणूस पाह्यजे. तीन डाव कमरेले पाय लावला का उसण गेली. पण आता पायाळू भेटते कुठी? सारे सिझरचे. ना डोक्याकडून, ना पायाकडून."

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायानं बाहेर आलेला. त्याचा पाय लागला की उसण पळते, ही आमच्याकडची जुनी समजूत. मी दवाखान्यात बसून या समजुतीवर कितीतरी वेळा हसलो आहे. आणि त्या दिवशी मी काय बोललो असेन?

"मी आहे की पायाळू."

मामाला पोह्यांचा ठसका लागला. त्याला माहीत होतं ना! मी अगदी रीतसर डोक्याकडून जन्मलेला. पण वैष्णवीनं मान वर करून पाहिलं होतं, आता मागे कसं हटायचं?

मी मोजे काढले. ज्यांच्या पाया पडायचं त्यांच्या पाठीवर पाय ठेवायची वेळ आली. टाचेचं हाड कडक असतं म्हणून चवडा लावतो, असं मी गंभीरपणे जाहीर केलं. आत्याबाई म्हणाल्या, "लाव नं लवकर, नवरदेवासारखा काय लाजून राह्यला." एकदा लावला. दोनदा लावला. तिसऱ्या वेळी माझा तोल गेला, आणि माझं पासष्ट किलो वजन भाऊंच्या कमरेवर पडलं. आतून कट् असा आवाज झाला.  मोडलेल्या हाडांचे फोटो रोज काढणारा त्या खोलीत मी एकटाच होतो, त्यामुळे घाम फक्त मला फुटला.

आणि काय सांगू, भाऊ उठून सरळ उभे राहिले! वाकून पाहिलं, वळून पाहिलं, अंगणात चक्कर मारून आले. आत्याबाईंनी माझी दृष्ट काढली. भाऊ म्हणाले, पोरगं गुणाचं आहे. मामा गालात हसला. सोयरीक जमल्यात जमा होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर? पण गल्लीत बातमी गेली. अर्ध्या तासात ओसरीवर सहा माणसं ओळीनं पालथी पडली होती. मी एकेकाला पाय लावत निघालो. एकानं विचारलं, बैल लंगडतो, त्यालाही चालेल का? दुसरा म्हणाला, पायाळूला जमिनीतलं पाणी दिसतं, आमचं बोअर कुठे घेऊ? मी डोळे मिटून लिंबाकडे बोट दाखवलं. आता नाही कसं म्हणणार?

पण हे ऐकून आत्याबाई एकदम विचारात पडल्या. म्हणाल्या, "अरे तुळशीराम, पायाळूवर वीज पडते म्हनतात."

भाऊंचा चेहरा उतरला. ओसरीवरच्या सहाही जणांनी पडल्या पडल्या दुजोरा दिला. एकाच्या चुलत्याच्या गावात म्हणे तसंच झालं होतं.

"नको बाप्पा," आत्याबाई म्हणाल्या. "पोरगी देऊन पावसायाभर आभायाकडे पाहत बसाचं का?"

मी हादरलो. घाईघाईनं सांगायला लागलो की वीज कुणाच्या जन्माची चौकशी करून पडत नाही, ही सगळी अंधश्रद्धा आहे. आत्याबाईंनी शांतपणे विचारलं, "मंग उसण काऊन गेली? ते खरं, तं हेबी खरं."

 वैष्णवी हातची जाताना दिसली आणि मी खरं बोलून टाकलं. मी पायाळू नाही, डोक्याकडून जन्मलोय, हवं तर मामाला विचारा.

सगळे मामाकडे वळले. मामानं बशी खाली ठेवली. "हाव," तो म्हणाला, "डोक्सं पहिले आलतं. अक्कल अजून येऊन राह्यली."

भाऊ सावकाश हिशेब लावत होते. "म्हंजे," ते म्हणाले, "तू मले नुसत्याच लाता हानल्या?" आणि हे बोलता बोलता त्यांचा हात कमरेवर गेला. चेहरा वाकडा झाला. उसण परत भरली होती. ते जसे होते तसे खाटेवर आडवे झाले. ओसरीवरचे सहा जणही कमरा धरून उठायला लागले. मी बूट हातात घेऊनच गाडीवर बसलो.

आठवड्यानं दवाखान्यात कमरेच्या एक्स-रेसाठी नाव पुकारलं आणि दारातून तुळशीरामभाऊ आत आले. मागे वैष्णवी, तोंडावर ओढणी, खांदे हसण्यानं हलत होते. मला वाटलं, देवानं अजून एक संधी दिली. मी अदबीनं टेबलाकडे हात केला.

भाऊंनी खोलीत चारी बाजूंना पाहिलं. "फोटो काढाले दुसरं कोनी नाही का?"

"नाही भाऊ. आज मीच."

 मग भाऊ नाइलाजानं टेबलावर चढले, आडवे झाले आणि मान माझ्याकडे वळवून म्हणाले,

"काढ मंग. पण पाय जरा दूर ठेवजो."