सर्वानुमते, एक सोडून

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. राजापेठेत आम्ही निवृत्त मंडळी जमतो. तिथं पातूरच्या डोंगराचा विषय निघाला की मी उठून पान खायला जायचो. त्या डोंगरावरचे एक शेतकरी काका होते; आता ते राहिले नाहीत, म्हणून लिहितो. त्यांच्याइतका विरोध करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल.

मी कृषी खात्यात होतो. त्यांच्या पठारावरच्या गावात लोकसहभागातून बांध घालायचे होते. प्रत्येक सभेला काका सर्वांत आधी येत आणि माझ्याकडे पाठ करून बसत. कारण विचारलं तर म्हणाले, "साहेबाचं तोंड पाह्यलं का मुंडी आपोआप हालते. मंग घरी गेल्यावर वाटते, आपन कायले हो म्हनलं?" सभेतल्या चहालाही त्यांचा विरोध असे, कप मात्र दोन रिचवत. उतार मोजायला आमच्याकडे यंत्र होतं. काका जमिनीला पोट टेकून एक डोळा मिटत, तांब्याभर पाणी ओतत आणि साठीच्या वयात धोतर सावरत त्या ओघळामागे पळत. बाया हसून बेजार. "हसा! मी पान्याले विचारून राहिलो, तुमाले नाही."

एकदा बांधासाठी आखलेली चुन्याची रेघ त्यांनी पायानं पुसली. "इथं नोका बांधू, साहेब. पान्याची वाट आहे. अडवलं त ते मायाच वावरातून जाईन."

नकाशा वर मंजुरीला गेला होता, मला घाई होती. मी रेघ पुन्हा आखली. सभेत गावानं माना हलवल्या आणि मी इतिवृत्तात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.'

श्रावणात बांध तिथंच फुटला. काकांच्या वावरातली माती वाहून गेली, खालचा मुरूम उघडा पडला. चौकशीत मी लिहून दिलं की एका शेतकऱ्यानं खुणा पुसल्यामुळे आखणी चुकली. गावातली पुढची कामं थांबली. गावानं काकांशी बोलणं सोडलं.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम गेलो. काकांनी ओसरीत खाट टाकली.

"काहून आले, साहेब?"

"सहज."

"सहज कोनी घाट चढते का? बोला ना."

मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, तुरीची केली, सुनेच्या चहाची तारीफ केली. ते वाट पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं. या मंग कधी."

ऑटो घाट उतरू लागला तेव्हा मी म्हणालो, "काका, तुमचं बरोबर होतं. मी खोटं लिहिलं."

ऑटोवाल्यानं मान वळवली. "मले म्हनून राहिले का?"