टेकडीवरचं एक्स्चेंज

लातूरचा वेगळा जिल्हा झाला त्या साली रत्नम्मा उदगीरच्या टेलिफोन एक्स्चेंजात नोकरीला लागली. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्या उघडत होत्या, गावोगाव फोन येत होते आणि बोर्डावर बसायला माणसं कमी पडत होती. कानाला हेडफोन लावून, समोरच्या दोऱ्या या भोकातून त्या भोकात खुपसत तिनं किती मुलखाची माणसं जोडून दिली, त्याला गणती नव्हती. कुणाला मुलगा झाल्याचा फोन, कुणाचा बाप गेल्याचा. ती फक्त जोडून द्यायची. पलीकडं पुढं काय झालं, ते तिला कधी कळायचं नाही.

मग थेट फोन लागायला लागले, बोर्ड निघाला आणि तिला बिलांच्या टेबलावर बसवलं. तिथं तिचं मन रमलं नाही. पोरांची लग्नं उरकल्यावर तिनं नोकरी सोडली आणि नवऱ्याच्या गावी, कौळगावला येऊन राहिली. मलप्पाचं तिथं किराणा दुकान होतं. तराजू त्याच्याकडं, बोलणं हिच्याकडं, अशी दोघांची वाटणी झाली. सगळं गाव तिला रत्नाक्का म्हणायचं.

पुढं तो दुष्काळ आला, ज्यात लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. कौळगावच्या विहिरींनी तळ गाठला. दुकानाच्या ओट्यावर माणसं उदगीरचा जिल्हा कधी होणार यावर तावातावानं बोलायची आणि टँकरचा हॉर्न वाजला की बोलणं तिथंच टाकून घागरी घेऊन पळायची. त्या उन्हाळ्यात जो तो विहिरीत उतरायला लागला. कुणी गाळ काढायला, कुणी खोल करायला, कुणी वाटीनं पाणी भरायला. फाल्गुनात खालच्या वस्तीवरची केवळाबाई विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली आणि पाय मोडून आतच पडून राहिली. तिच्याजवळ मोबाईल होता, पण त्या घळीत रेंज नव्हती. दिवस कलल्यावर एका गुराख्यानं तिचं ओरडणं ऐकलं, तेव्हा कुठं तिला वर काढली.

त्यानंतर विहिरीत अडकलेल्यांना काढायला व्यंकटीनं पथक काढलं. व्यंकटीचा टेम्पो होता आणि त्याहून मोठा उत्साह. गावातली दहा-बारा माणसं जमली. दोर घेतले, स्ट्रेचर घेतलं, आणि हाक पोचायला वॉकी-टॉकी घ्यायचे ठरले. पण पथकाच्या खिशात भारी वस्तू बसणार नव्हती.

"अक्का, तुम्ही चला नांदेडला," व्यंकटी म्हणाला. "आवाजातलं आमाला काय कळतंय?"

"मी दोऱ्यांवर बोललेली बाई. बिनदोरीचं मला काय माहीत?" रत्नम्मा म्हणाली. पण तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते मलप्पाला दिसलं.

"जा की," तो म्हणाला. "एवढ्यात दुकान काय पळून जाणार न्हाई."

टेम्पोत तिघं गेली. व्यंकटी, रत्नम्मा आणि दगडोबा. दगडोबा विहिरी फोडणारा माणूस, दणकट आणि अबोल. पथकात विहिरीपाशी पहिला पोचणारा तोच.

नांदेडच्या दुकानदारानं काउंटरवर तीन तऱ्हेचे सेट मांडले. एक लहान, नाजूक, मुठीत लपेल असा. दुसऱ्याला पडदा होता, आकडे होते, बटणंच बटणं होती. तिसरा साधा काळा, वर एक गोल खटका, बाजूला बोलायचं मोठं बटण.

रत्नम्मानं व्यंकटीला बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं आणि एकेक सेट कानाला लावून ऐकला. रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, त्यातून व्यंकटी बोलत होता. पडद्याच्या सेटवर त्याचा आवाज असा स्वच्छ आला, की तिला वाटलं, हाच घ्यावा.

"ताकदवान आहे," दुकानदार म्हणाला. "फक्त याला सरकारी लायसन लागतं. बाकीच्या दोघांना नाही लागत, त्यांची लहर सरकारनं सगळ्यांना मोकळी ठेवलेली आहे. पण घेतात लोक. कोण विचारतंय?"

व्यंकटी परत आला तो खूश होता. "मग हाच घेऊ की अक्का. आपल्या डोंगरात कोण येलालंय विचाराया?"

रत्नम्मानं सेट उलटसुलट करून पाहिला. मग तिनं तो सेट खाली ठेवला. "न्हाई रे. बोर्डावर एकाची लाईन दुसऱ्यात घुसली की दोघांचंही बोलणं वाया जायचं. आपण बोलायला आणि त्याच वेळी पोलिसाचं न्हाईतर आणखी कुणाचं निकडीचं काम निघायला एक गाठ पडली तर? एक माणूस काढताना दुसरा बुडवायचा का?"

व्यंकटीनं मान डोलावली. उरले दोन. तिला तो लहानगा पसंत पडला होता. हलका होता, दिसायला देखणा आणि आवाजालाही वाईट नव्हता. तिनं तो दगडोबाच्या हातात दिला. त्यानं अंगठा टेकवला तर दोन बटणं एकदम दाबली गेली आणि सेट किंचाळायला लागला. दगडोबा ओशाळला.

"अक्का, माझा हात पाण्यात न्हाईतर चिखलात असतोय," तो हळूच म्हणाला. "ह्यो मला साधायचा न्हाई."

रत्नम्माला आपलीच गंमत वाटली. सगळं कानानं जोखलं आणि हाताचा विचारच केला नाही. तिनं काळा सेट उचलून त्याला दिला. दगडोबानं शेजारच्या माठातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि ओल्या हातानं खटका फिरवला. बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"ह्यो चांगलाय," तो म्हणाला.

काळा सेट मोबाईलच्याच चार्जरवर चालायचा. लाईट गेली तरी टेम्पोत लावता येणार होता. तेच घेतले.

गावात आल्यावर मात्र व्यंकटीचा चेहरा पडला. खोक्यावर लांबच्या लांब पल्ला छापलेला होता आणि इथं टेकडीआड गेलं की नुसती खरखर. खालच्या वस्तीवरून गावात एक शब्द पोचेना.

"फसलो आपण," तो म्हणाला. "पडद्याचाच घ्यायला पायजे होता."

"तो तरी डोंगरातून आरपार गेला असता का?" रत्नम्मा म्हणाली. "अरे, उदगीरचा फोन तरी थेट मुंबईला कुठं लागायचा? मधी एक एक्स्चेंज, त्याच्याम्होरं दुसरं. मधी कुणीतरी बसायला लागतंय. मी बसते."

गाव आणि वस्त्यांच्या मधोमध मल्लिकार्जुनाच्या देवळाची टेकडी. तिथून चारी घळी दिसायच्या, दोन्हीकडचं ऐकू यायचं आणि मोबाईललाही रेंज होती. विहिरींवर काम चालायचं त्या वेळात रत्नम्मा देवळाच्या सावलीत सेट घेऊन बसायला लागली. तिनं सगळ्यांना बोलायला शिकवलं. बटण दाबून क्षणभर थांबायचं. थोडकं बोलायचं. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. दगडोबा घाईत बटणाआधीच बोलायचा आणि त्याचा पहिला शब्द कापला जायचा. तिनं त्याला सांगितलं, "तू आधी अक्का म्हणत जा. कापला तर तो कापला जाईल, कामाचा शब्द राहील."

चैत्र संपता संपता एका दुपारी सेट खरखरला.

"अक्का. शेषेराव विहिरीत पडला. पाण्याचं इंजिन आत लावलं होतं, धूर कोंडलाय. मी उतरलालो."

शेषेराव खालच्या वस्तीवरचा, दोन लेकरांचा बाप. रत्नम्माचा आवाज मात्र बोर्डावरचाच, शांत राहिला.

"उतरू नको. परत म्हण."

पलीकडं खरखर.

"दगडोबा, उतरू नको. तू पण पडशील. परत म्हण."

"उतरत न्हाई," दगडोबा म्हणाला. त्याच्या आवाजात रडू होतं.

"इंजिन बंद झालं का?"

"झालं, आपोआप."

"लिंबाचे डहाळे तोडून दोराला बांध, खाली-वर हलवत राहा. आतली हवा निघाया पायजे. कमरेला दोर बांधल्याबिगर कुणी उतरायचं न्हाई. व्यंकटीला धाडते."

गावाकडं तोंड करून तिनं सेटवरून व्यंकटीला सांगितलं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. मोबाईलवरून ॲम्ब्युलन्स बोलावली, कुठल्या फाट्यावर वळायचं तेही समजावलं. खाली टेम्पोची धूळ उठली, घळीकडं सरकली आणि दिसेनाशी झाली.

मग कुणीच बोललं नाही. तिनं विचारलं नाही. तिकडं हात कामात असणार, हे तिला ठाऊक होतं. आयुष्यभर ती अशीच लाईन धरून बसली होती, पण इतकी लांब दुपार तिनं पाहिली नव्हती. मलप्पा दुकान उघडंच टाकून टेकडी चढून आला आणि शेजारी बसला.

"अक्का," व्यंकटीचा आवाज आला. "वर काढला. श्वास हाय. ॲम्ब्युलन्स दिसलालीय."

"श्वास हाय," रत्नम्मानं परत म्हटलं. आणि बटण सोडल्यावर तिनं पदरात तोंड घालून रडून घेतलं. मलप्पानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

काही दिवसांनी शेषेराव बायकोला घेऊन दुकानात आला. हडकुळा झाला होता, पण पायांवर चालत आला होता. त्याची बायको सिंधू रत्नम्माच्या पाया पडायला वाकली, तर रत्नम्मानं तिला वरच्यावर धरलं आणि शेषेरावाकडं बघतच राहिली.

"असं काय बघता अक्का?" तो लाजून म्हणाला.

"बघू दे रे," ती म्हणाली. "मी लाईन लावलेला माणूस आजवर कधी समोर येऊन उभा राहिलेला न्हाई."

मलप्पानं चौघांसाठी चहा टाकला. गवती चहा घातलेला, गोडमिट्ट. दूध थोडंच होतं, पण त्यानं ते सगळं ओतलं.