रामल्याच्या वृद्धाश्रमातला प्लग
“म्हाताऱ्याने चहाच्या किटलीसाठी प्लग उपटला आणि वृद्धाश्रमातले सगळे संगणक बंद पाडले,” असे आमच्या सिनेगॉगमध्ये अजूनही सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी तिथे नव्हता. तो म्हातारा म्हणजे मी; इस्रायलमधल्या रामल्याच्या त्या वृद्धाश्रमात मी औषधकोठीचा कारकून होतो. नव्वदच्या दशकाची अखेर होती. त्याच आठवड्यात डिस्क नसलेले संगणक आले होते: टेबलांवर नुसते पडदे, सगळी माहिती माझ्या कोठीतल्या एका मोठ्या यंत्रात. शुक्रवारी सूर्यास्ताला सगळे पडदे एकदम काळे झाले. आमच्यासारख्याच कोकणातून आलेल्या ज्यू घरातली नर्स धावत आली. “अंकल, ती मधुमेहवाली आजी शुद्धीवर नाही! दुपारचं इन्शुलिन दिलंय की राहिलंय, काही दिसत नाही. चुकून दुसऱ्यांदा टोचलं तर मरेल ती!” स्पिरिटच्या वासात मी वायर चाचपत गेलो. यंत्राचा प्लग शब्बाथच्या घड्याळात, म्हणजे शुक्रवारी ठरल्या वेळी वीज तोडून दिवे आपोआप विझवणाऱ्या टायमरमध्ये होता. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस; त्यात विजेला हात लावायचा नसतो, पण जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावाच लागतो. मी प्लग उपटला, तोच व्यवस्थापक दारात. “हे काय केलंस?” मी तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचला. पडदे उजळेपर्यंत नर्स रडत होती. इन्शुलिन दिलेले होते, म्हणजे आजीची साखर उतरली होती. तिने ग्लुकोज लावले आणि आजी वाचली. तरी मी प्लग उपटल्यामुळेच सगळे बंद पडले असे म्हणत रविवारी व्यवस्थापकाने मला नोकरीवरून काढून घरी बसवले आणि प्लग स्वतःच्या हाताने पुन्हा त्या घड्याळात लावला. आज ऐंशी ओलांडल्यावर मी वाद घालत नाही, एवढेच सांगतो: पुढच्या शुक्रवारी मी घरी शब्बाथच्या दिव्यांसमोर बसलो होतो, आणि वृद्धाश्रमातले पडदे त्याच मिनिटाला पुन्हा काळे झाले.