उजवीकडची साइडकार

बाबांना परदेशात माझ्याकडे, चँडलरला, येऊन महिना होत नाही तोच त्यांचं सुरू झालं, "तिकीट बदलून दे." आई गेल्यावर मी त्यांना सहा महिन्यांसाठी आणलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. ते खिडकी ते फ्रिज येरझाऱ्या घालायचे आणि मी ऑफिसातून दिवसात तीनदा फोन करायचो. बोलायला दोघांकडेही काही नसायचं.

शेवटी मी शेजारच्या एका निवृत्त सैनिकाची बंद पडलेली रशियन मोटरसायकल घेतली, साइडकारसकट. बाबांची सारी हयात पुण्याला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. गॅरेजमध्ये गाडी पाहिली आणि इथे आल्यापासून पहिल्यांदा हसले.

"मूळ घडण जर्मन," इंजिन उघडताना ते म्हणाले. "रशियनांनी नक्कल केली. मग जर्मनच चालून आले, तेव्हा सगळा कारखाना उचलून उरल पर्वतापलीकडे नेला. बिअरच्या भट्टीत बसून गाड्या काढल्या त्यांनी. तुम्ही एक प्रिंटर हलवायचा तर चार मीटिंगा घेता."

तिकिटाचं नाव काढणं बंद झालं. मी मात्र मनातून धास्तावलेलोच. गाडी झाली की हे जाणार.

साइडकार जोडताना मोटरसायकल तिच्यापासून जराशी कलती ठेवायची असते, नाहीतर गाडी एकीकडे ओढते. आपल्याकडे साइडकार डावीकडे, इथे उजवीकडे. बाबांच्या हातांनी सवयीने जुन्याच बाजूला, म्हणजे इथे साइडकारकडेच, कल दिला. शनिवारी ते माझ्या लक्षात आलं. मी गप्प बसलो. पुन्हा सगळं उघडावं लागलं तर आणखी एक आठवडा मिळेल, एवढाच हिशोब. आजही लाज वाटते.

रविवारी मी हेल्मेट घातलं, तर बाबा साइडकारमध्ये बसलेले.

"बाबा, तुम्ही नका. मी एकटाच ट्राय करतो."

"आमच्या वर्कशॉपचा नियम आहे. ज्याने साइडकार जोडली, पहिल्या फेरीला त्यानेच तिच्यात बसायचं. त्याशिवाय माणूस नीट बोल्ट आवळत नाही."

मी किल्ली काढून घेतली. "उतरा. कल उलटा आहे."

ते उतरले, मागे जाऊन वाकून पाहिलं.

"तुला कधी दिसलं?"

"काल."

त्यांनी पाना घेतला आणि तासाभरात सगळं सरळ केलं. मला वाटलं होतं तसा आठवडा वगैरे काही लागला नाही. हात पुसून ते पुन्हा साइडकारमध्ये बसले.

"एवढं होतं, तर सरळ 'राहा' म्हणायचंस."

खरंच, ते मी एकदाही म्हटलं नव्हतं. तिकिटाबद्दल बोललो होतो, हवेबद्दल, गाडीबद्दल.

"राहा ना, बाबा."

"आधी गाडी काढ," ते म्हणाले.

ते पूर्ण सहा महिने राहिले.